मी ही गाडी चालवून पाहिली आहे

शिरगावच्या नाक्यावर मी सकाळी चहाला जातो. तिथे आठवड्यातून एकदा तरी कोणीतरी विचारतंच, "काय साळवेकाका, तुमची मैना का हो बुडाली?" विचारणाऱ्याला उत्तर आधीच माहीत असतं. मोठ्या समूहाने कंपनी विकत घेतली, टायवाले साहेब आले आणि चांगल्या गाडीची पार वाट लावली. मी मान डोलावतो, तोही डोलावतो, चहा संपतो. या दिवाळी अंकाच्या संपादकांनीही मला हाच विषय दिला. मी म्हटलं, लिहीन, पण माझ्या पद्धतीने लिहीन. नाक्यावरचं उत्तर खोटं नाही, पण ते अर्धंच आहे आणि उरलेलं अर्धं मी आजवर एकाच माणसाला सांगितलंय.

ज्यांनी मैना पाहिली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. अंबरनाथच्या एमआयडीसीत आमचा कारखाना होता. गाडी दिसायला सुंदर नव्हती, हे मी एकतीस वर्षं तिचं मीठ खाऊनही कबूल करतो. समोरून बघितली तर कोणावर तरी चिडल्यासारखी दिसायची. पण छत असं उंच की डोक्याला फेटा बांधून माणूस ताठ बसावा. आमच्या थोरल्या साहेबांनी, म्हणजे ज्यांनी कंपनी काढली त्यांनी, स्वतःच्या वडिलांना फेट्यासकट लाकडी सांगाड्यात बसवून ते माप घेतलं होतं. डिकीचं दार वर उघडत नसे, कपाटासारखं बाजूला उघडायचं. उल्हासनगरच्या गल्लीत, जिथे मागे उभं राहायलाही जागा नसते, तिथे जीन्सची गाठोडी सरळ आत ढकलता यायची. त्यामुळे कॅम्पातल्या सिंधी शेठ लोकांचा मैनेवर फार जीव.

आणि प्रत्येक मैनेत, डॅशबोर्डच्या कप्प्यात, एक पिवळं कार्ड असायचं. त्यावर छापलेलं एकच वाक्य, 'मी ही गाडी चालवून पाहिली आहे', खाली तारीख आणि सही. त्या सह्या करणारे आम्ही चौघे होतो. आमचा हुद्दा चाचणी चालक.

लोकांना वाटायचं, काय मजा आहे, दिवसभर नव्या कोऱ्या गाड्या फिरवायच्या. बाकीच्या कंपन्या शंभरातली एखादी गाडी रस्त्यावर काढतात. आमच्याकडे थोरल्या साहेबांचा दंडक होता की एकही गाडी चालवल्याशिवाय गेटबाहेर विकायला जाणार नाही. कारखान्यातून निघायचं, बदलापूर, मग बदलापूर गाव, नदीचा पूल ओलांडून बारवी धरणाच्या रस्त्याला लागायचं, धरणाच्या चढावर जाऊन उतारावरून परत. सव्वा तास. दिवसाला चार गाड्या. गाडीत एकट्यानेच बसायचं. रेडिओ बंद, तंबाखू बंद, गुणगुणणंही बंद. कारण आमचं खरं काम हातापायाचं नव्हतंच, कानाचं होतं.

गाडी नवी असताना तिच्यात जे बिघडलेलं असतं ते दिसत नाही, ऐकू येतं. दाराचं रबर नीट बसलेलं नसेल तर साठच्या पुढे बारीक शीळ येते. चाकाचं बेअरिंग खराब असेल तर घूं असा आवाज येतो, जातं लांबच्या घरात फिरत असल्यासारखा. तो इंजिनाच्या आवाजात बुडून जातो. मग तो ऐकायचा कसा? धरणाच्या अलीकडे रस्ता एका टेकाडातून कापून नेलाय. दोन्ही बाजूंना दगडी बांध आहेत, जेमतेम शंभर पावलांचे. तिथे काचा खाली करायच्या, गाडी न्यूट्रलला टाकायची आणि नुसती घरंगळत जाऊ द्यायची. डाव्या चाकांचा आवाज डाव्या बांधावर आपटून परत येतो, उजव्यांचा उजव्यावर. आम्ही चौघे त्या जागेला आरसा म्हणायचो. "आरशात बघितली का?" असं आमच्यात विचारायची पद्धत होती.

मी कधी भाव खाल्ला नाही असं म्हणणार नाही. आरशातून बाहेर पडताना कोणतं चाक ते मी बोटाने दाखवायचो, गाडीत कोणी नसलं तरी. परत येऊन पिटवाल्या मेकॅनिकला सांगायचो, "मागचं उजवं," आणि तो खोलून बघायचा तर तेच निघायचं. चुकलं तर आठवडाभर चिडवायचे, म्हणून चुकायचो नाही.

पण एकटेपणा म्हणाल तर तो पुष्कळ होता. सुरुवातीला कळला नाही. दिवसातले पाच तास तोंड मिटून बसायची सवय लागली की मग घरी आल्यावरही तोंड उघडत नाही. माझी बायको सुमन म्हणायची, "तुम्ही घरात पण चाचणीच घेताय." मिक्सर लावला की मी त्याचा बुश गेलाय का ते ऐकत बसायचो, ती काय म्हणतेय ते नाही. मुलगा लहान असताना एकदा म्हणाला, बाबा, मला घेऊन चला ना. मी नियम सांगितला. त्याने पुन्हा विचारलं नाही. आता तो बंगळुरूला असतो आणि रविवारी फोन करतो.

चौघांतल्या दोघांशी माझं कामापुरतं होतं. दोस्ती म्हणावी ती काळूराम भोईरशी. बारवीच्या अलीकडच्या एका पाड्यावर त्याचं घर, भाताची शेती, आणि माझ्याच आठवड्यात नोकरीला लागलेला. तो जाताना मी येत असायचो, रस्त्यात नदीच्या पुलावर आमच्या गाड्या समोरासमोर यायच्या. थांबायची परवानगी नव्हती, म्हणून एक हात वर करायचा. दुपारी डबा मात्र एकत्र. माझ्या घरी बुद्धपौर्णिमेला खीर खायला तो सहकुटुंब यायचा, त्याच्या पाड्यावर गौरीला आम्ही जायचो. त्याची मुलगी रंजना माझ्याकडे हक्काने हट्ट करायची. भोईर बोलायला तिखट, पण कान असा की मला मनातून त्याचा थोडा हेवा वाटायचा.

गिऱ्हाइकांचा एक किस्सा सांगतो, म्हणजे त्या कार्डाचं वजन कळेल. उल्हासनगरचे टहिलराम शेठ, कापडाचे व्यापारी. त्यांनी सर्व्हिस सेंटरला भांडून भांडून जीव नकोसा केला होता. गाडीत डावीकडून 'टिणिंग' असा आवाज येतो, कोणाला सापडत नाही. शेवटी ते कार्ड हातात धरून सरळ कारखान्याच्या गेटवर आले. वॉचमनला म्हणाले, "ये साळवे कौन है? इसने गाडी चलाई है, इसको बुलाओ. इसको सुनाई दिया था कि नहीं, बोले." मला बोलावलं. मी म्हटलं, शेठ, तुम्ही इथेच बसा, मी एकटा जाऊन येतो. नदीच्या पुलाचा सांधा ओलांडला आणि आवाज आला. लोखंडाचा होता, पण गाडीच्या लोखंडाचा नव्हता. परत आलो, मागची सीट उचलली, तर खालून कापड मोजायचा लोखंडी गज निघाला. शेठनी तो हातात घेतला. "साईं, ये तो मेरा है. दो साल से ढूंढ रहा हूँ. इसके पीछे मैंने अपने भाई से बात बंद कर दी." भावानेच चोरला असं त्यांना वाटत होतं. त्यांनी माझं कार्ड फ्रेम करून दुकानात गल्ल्याच्या वर लावलं, झूलेलालच्या तसबिरीशेजारी. मी एकदा सुमनला घेऊन मुद्दाम ते दाखवायला गेलो होतो.

थोरले साहेब गेले. त्यांच्या मुलांना गाड्यांत रस नव्हता. कंपनी मोठ्या समूहाकडे गेली. त्या दिवशी पेढे वाटले होते, हे आता कोणी सांगत नाही, पण आम्ही सगळ्यांनी खाल्ले. नवीन मशीन येणार, नवीन मॉडेल येणार.

पहिल्यांदा गेलं ते डिकीचं दार. समूहाच्या दुसऱ्या एका गाडीचं दार तयार मिळत होतं, ते वर उघडणारं. मग छत चार बोटं खाली आलं, कारण समोरची काच पण त्या दुसऱ्या गाडीची घ्यायची होती. मग सीट, मग स्टिअरिंग, मग इंजिन. एकेक गोष्ट बदलली तेव्हा प्रत्येक वेळी वाटायचं, ठीक आहे, एवढ्याने काय होतंय. शेवटी शेवटी तर त्या दुसऱ्या गाडीवर मैनेचं चिन्ह चिकटवून पाठवायचे. टहिलराम शेठनी नवीन मैना बघायला मला शोरूमला बोलावलं. त्यांनी डिकी उघडली, दार त्यांच्या हनुवटीला लागता लागता राहिलं. "साळवेजी," ते म्हणाले, "ये मैना नहीं है. आपको भी पता है." मी म्हटलं, हां शेठ, पता है. त्यांनी दुसऱ्याच कंपनीची गाडी घेतली.

हे सगळं नाक्यावरच्या उत्तरात येतं. आता पुढचं.

समूह आल्यानंतरच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. सुमनने कुकर लावला होता आणि मला तीन शिट्ट्यांनी बंद करायला सांगून ती शेजारी गेली. परत आली तर डाळ करपलेली आणि मी उजवा कान उशीवर टेकवून पेपर वाचत पडलेलो. ती म्हणाली, "अहो, सहा शिट्ट्या झाल्या, मला तिकडे ऐकू आल्या." मी तिच्यावरच डाफरलो. पण दुसऱ्या दिवशी आरशात शिरलो. घूं असा आवाज होता, पण कोणत्या बाजूने ते कळेना. सगळंच उजवीकडून येत होतं. पुढची गाडी काढली, तिचंही उजवीकडून. दुपारी जेवताना उजव्या कानात बोट घातलं, तर भोईर समोर बसून बोलतोय आणि मला त्याचे नुसते ओठ दिसतायत. डावा कान गेला होता. कधी गेला ते माझं मलाही कळलं नव्हतं.

माणसाचा एक कान गेला की तो बहिरा होत नाही. ऐकू येतं, पण कुठून येतंय ते कळत नाही. जगातला प्रत्येक आवाज चांगल्या कानाच्या बाजूनेच आल्यासारखा वाटतो. दुसऱ्या कोणत्याही कामात ते चाललं असतं. मी मात्र त्याच एका गोष्टीचा पगार घेत होतो.

कारखान्यात दरवर्षी आमची कानाची तपासणी व्हायची. कंपाउंडर पाठीमागे उभा राहून हळू आवाजात आकडे बोलायचा आणि आपण एकेक कान दाबून ते परत सांगायचे. आमचा कंपाउंडर भारी आळशी माणूस. बारा वर्षं तेच तीन आकडे, त्रेपन्न, एकोणीस, अठ्ठ्याऐंशी. मी ते पाठ म्हणून दाखवले. तो म्हणाला, "एकदम फर्स्ट क्लास, साळवे." मी बाहेर आलो आणि संडासात जाऊन पाच मिनिटं नुसता उभा राहिलो. मला लाज वाटत होती, आणि सुटल्यासारखंही वाटत होतं.

सुमनला सांगितलं. तिने दोनच गोष्टी सांगितल्या, डॉक्टरला दाखवा आणि भोईर भावजींना सांगा. मी दोन्ही केल्या नाहीत. मला वाटलं, भोईरला कळलं तर तो माझ्याकडे बघेल कसा? आणि नियमाप्रमाणे चाचणी चालकाचा कान गेला की त्याला स्टोअरमध्ये टाकायचे, नटबोल्ट मोजायला. मी मग जुगाड करायला लागलो. एक काच बंद करून बघायची, मग दुसरी. डोकं फिरवून बघायचं. काही वेळा जमायचं. काही वेळा मी कार्डावर सही करताना मला खात्री नसायची आणि मी तरी सही करायचो. दोन वर्षं असं चाललं. किती गाड्या गेल्या असतील, त्या हिशोबात मी शिरत नाही. झोप उडते.

अशात एक दिवस समूहाचे क्वालिटीचे साहेब, अरोरा नावाचे, आम्हा चौघांना बोलावून म्हणाले की रस्त्यावरची चाचणी बंद. शेडमध्ये रोलर बसतोय, गाडी जागच्या जागी चार मिनिटं धावेल, आवाज मशीन ऐकेल. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "लेकिन कार्ड बंद नहीं करेंगे. कस्टमर को कार्ड अच्छा लगता है. साळवेजी, भोईरजी, आप दोनों सीनियर हैं. आपके साइन हम छाप देंगे."

भोईर बसल्या जागेवरून म्हणाला, "साहेब, मी चालवली नाय, तर मी सही नाय देणार."

अरोरा साहेबांना मराठी पुरतं कळत नव्हतं, पण हे कळलं. ते म्हणाले, सोच लो, कल बताओ.

त्या दुपारी भोईरने डबा उघडलाच नाही. मला म्हणाला, "यशवंता, आपण दोघांनी नाय म्हणायचं. बाकीच्या दोघांचं जाऊ दे. त्यांना कार्ड पायजे म्हणजे त्यांना आपण पायजे. दोघं अडून बसलो तर रस्ता बंद करायला ते घाबरतील. निदान दोन-पाच वर्षं तरी चालेल."

तो बरोबर बोलत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. त्या कार्डाला बाजारात किंमत होती आणि साहेबांना ती माहीत होती. पण रस्ता चालू राहिला असता तर मला पुन्हा रोज आरशात शिरावं लागलं असतं. रोलर आला तर माझा कान कोणालाच कळणार नव्हता. मी भोईरला म्हटलं, "अरे, कुठे भांडत बसतोस. जमाना बदललाय."

त्याने न उघडलेला डबा पिशवीत टाकला आणि उठला. मला वाटतं, त्याला मी लाचार झालोय असं वाटलं. त्याला काय वाटतंय ते मी दुरुस्त केलं नाही. दुसऱ्या दिवशी मी कोऱ्या कागदावर पाच वेळा सही करून दिली, साहेबांनी त्यातली एक निवडली. भोईर त्या महिन्यात राजीनामा देऊन पाड्यावर निघून गेला. नंतर तो माझ्या घरी आला नाही आणि गौरीला आम्हाला बोलावणंही आलं नाही. सुमन दोनदा म्हणाली, आपण जाऊ या. मी म्हटलं, बघू.

पुढची तीन वर्षं मी शेडमध्ये रोलरसमोर खुर्ची टाकून बसलो. मशीनवर हिरवा दिवा लागला की गाडी पुढे. प्रत्येक गाडीत माझीच सही. सांगायला लाज वाटते, पण पहिले काही महिने मला बरंही वाटलं, आपलं नाव सगळीकडे जातंय म्हणून. निवृत्तीच्या आदल्या वर्षी सुमन गेली. तिच्या मागे माझ्या कानाचं माहीत असलेलं जगात कोणी राहिलं नाही. निवृत्त झालो, हार घातला, घड्याळ दिलं. मी घरी बसलो, पण माझी सही कामावर जातच राहिली. तो नमुना त्यांच्याकडे होता, ते छापत राहिले. मला हे माहीत नव्हतं.

कळलं ते असं. निवृत्तीनंतर आठ-नऊ महिन्यांनी दुपारी दारावरची बेल वाजली. उघडतो तर भोईर. केस सगळे पांढरे झालेले. मागे रस्त्यावर नवी मैना उभी. त्याने जयभीम केला नाही, राम राम केला नाही. खिशातून पिवळं कार्ड काढून माझ्या हातात दिलं आणि म्हणाला, "रंजीने घेतली. मी नको म्हणत व्हतो. ती म्हणाली, बाबा, साळवेकाकांची सही हाय. तारीख बघ."

तारीख मागच्या महिन्यातली होती.

"चालवलीस तू ही?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग चल. आता चालव."

मी चपला घातल्या. स्टिअरिंगवर मी बसलो, तो शेजारी बसला. इतक्या वर्षांत आम्ही दोघे एका गाडीत कधी बसलो नव्हतो. बदलापूर गाव मागे पडलं, पूल गेला, तो एक शब्द बोलला नाही. मीही नाही. दोघांनाही सवय होती. टेकाडाजवळ आलो तशी त्याने त्याच्या बाजूची काच खाली केली, मी माझी केली. गाडी न्यूट्रलला टाकली.

घूं असा आवाज स्वच्छ आला. बेअरिंग जात होतं. कोणालाही कळावं इतकं. चार मिनिटांच्या मशीनला ते कळलं नव्हतं.

"आलं ऐकू?" भोईर म्हणाला.

"हो."

"कोणतं चाक?"

आवाज उजवीकडून येत होता, मागून. पण मला सगळंच उजवीकडून यायचं. मी मनात म्हटलं, उजवं वाटतंय म्हणजे माझा कान फसवतोय, म्हणजे डावं असणार. आणि एखाद्या वेळी चुकलं तरी चालेल, पण 'कळत नाही' असं या माणसासमोर म्हणायचं नाही. मी पूर्वीसारखं बोट दाखवलं आणि म्हटलं, "मागचं डावं."

भोईरने मान फिरवून माझ्याकडे बघितलं. मग पुढे बघत म्हणाला, "परत घे."

शिरगावला उतरलो. तो चालकाच्या जागेवर सरकून बसला आणि एवढंच म्हणाला, "मागचं उजवं हाय. पोरगी रोज या गाडीने धरणाच्या उतारावरून येते." आणि निघून गेला. दोन दिवसांनी रंजनाचा फोन आला. मागचं उजवं बेअरिंग बदललं होतं. मी गाडी न चालवताच सही गेली, हे तिला कळलेलं होतं. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, "काका, मी रंगसुद्धा नीट बघितला नव्हता हो. कार्ड बघितलं आणि घेतली."

त्यानंतर मी समूहाला रजिस्टर पत्र पाठवलं की माझी सही बंद करा. उत्तर आलं नाही. पण थोड्याच दिवसांत मैनाच बंद झाली. खप नाही, असं सांगितलं. अंबरनाथच्या शेडमध्ये आता कुरिअरचं गोडाऊन आहे. मी एकदा गेटपर्यंत जाऊन आलो. वॉचमनने विचारलं, किससे मिलना है? मी परत फिरलो.

यंदा मुलाने हट्ट करून कानाचं मशीन बसवून घेतलं. डॉक्टरबाईंनी विचारलं, कधीपासून कमी आहे? मी खरा आकडा सांगितला. एवढी वर्षं काय करत होतात, असं त्या म्हणाल्या. मशीन लावून घरी आलो तर घर भलतंच मोठं वाटायला लागलं. फ्रीजचा आवाज, नळाचा, वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवली त्याचा, प्रत्येक आपापल्या जागेवरून. हे सगळं चालूच होतं तर. चार दिवस मी ते ऐकत बसलो. पाचव्या दिवशी रिक्षा केली आणि भोईरच्या पाड्यावर गेलो.

भात निसवलं होतं. तो बांधावर बसून खेकड्यांनी पाडलेलं भगदाड चिखलाने बुजवत होता. मला बघून उठला नाही, पण शेजारची ओली पाटी उचलून बाजूला ठेवली, तेवढी जागा झाली. मी बसलो. कानातलं मशीन काढून त्याच्या समोर धरलं.

त्याने ते बघितलं. "कोणता?"

"डावा."

"कधीपासून?"

"रोलर यायच्या आधी दोन वर्षं."

 त्याच्या हातातला चिखल तसाच होता. मग मी सगळं सांगितलं, कंपाउंडरचे आकडे, त्या दुपारी जमाना बदललाय असं का म्हटलं ते, त्या दिवशी डावं चाक का दाखवलं ते. तो माझ्या डाव्या बाजूला होता आणि मशीन माझ्या हातात, मध्ये हळू काही बोलला असता तर निसटलं असतं, म्हणून मी त्याच्या तोंडाकडे बघत बोलत होतो. 

माझं संपल्यावर त्याने हात पाण्यात धुतले, धोतराला पुसले आणि माझ्या हातातलं मशीन घेऊन मला परत दिलं, लाव म्हणून खूण केली. मी लावलं.

"एवढ्यासाठी?" तो म्हणाला. "मला सांगायचं व्हतंस ना."

"स्टोअरमध्ये टाकला असता मला."

"कोणी टाकला असता? मी सांगायला जाणार व्हतो का कोणाला? पुलाच्या पलीकडे मी गाडी कडेला लावली असती आणि तुझ्यात येऊन बसलो असतो. आरशातनं तुझी काढायची, मग माझी काढायची."

"नियम होता रे," मी म्हटलं. "एकट्यानेच बसायचं."

"बारवीच्या रस्त्यावर कोण बघत व्हता रं, यशवंता," भोईर म्हणाला. "रोज बसलो असतो."